रसाच्या थेंबातली रेघ

"आधी उजेडाकडं वळा, मग बोला," असं म्हणत आमचे केमिस्टसाहेब उसाच्या बांधावर उभे राहत आणि एक डोळा मिटून पितळी नळी उजेडाकडं धरत. नळीच्या काचेवर रसाचा एक थेंब असे. आत उजेड आणि सावलीच्या मध्ये रेघ दिसे. रेघ जितकी वर, तितकी रसात साखर जास्त. शेतकरी नळीला दुर्बीण म्हणत.

चाळीसच्या दशकात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी त्यांचा मदतनीस होतो. कुणाचा ऊस आधी तोडायचा, ते ही रेघ ठरवी. म्हणून लोक हळूच बुडख्याकडचं गोड कांडं पुढं करत. साहेब म्हणत, "बुडखा तुमी खावा पाव्हणं, आमाला शेंडा द्या."

ज्यांच्या नेकीचा जाच घरच्यांनाच जास्त होतो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका हंगामात त्यांच्या वडिलांच्या उसाची पाळी आली. निम्मं गाव बांधावर जमलं. साहेबांनी काचेवर थेंब सोडला आणि नळी माझ्या हातात दिली.

"घरचा ऊस हाय. तुमीच बघा, मोठ्यानं सांगा."

रेघ एकोणिसावर होती. ऊस पक्व होता. पण मी साहेबांची मर्जी राखली असं लोक म्हणतील, या धास्तीनं मी सोळा, म्हणजे कच्चा, असं सांगितलं. साहेबांनी नळी परत डोळ्याला लावली नाही.

तोड लांबली. उसाला तुरे आले, कांडी पोकळ पडली. नेकीचं नाव कमवायला साहेबानंच मदतनिसाला आकडा कमी सांगायला पढवलं, असं गाव म्हणू लागलं. अजूनही म्हणतं. त्यांनी पढवलं नव्हतं. आता या वयात एवढं तरी लिहून ठेवतो.

हंगाम सरताना साहेबांचे वडील उसाची बैलगाडी घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर आले. मला म्हणाले, "काय वो, खरंच गोडी न्हवती व्हय?"

साहेबांना विचारा, म्हणालो मी.

साहेब काट्याच्या खोलीच्या दारातच होते. "न्हवती, आबा. यांची नजर चुकत न्हाई."

आबांनी लेकाच्या घरचं पाणीही घेतलं नाही. बैल वळवले.

पुढच्या हंगामाआधी साहेब उत्तरेकडच्या कारखान्यात गेले. मिरजेच्या स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. तेव्हाही खरा आकडा मी त्यांना सांगितला नाही. गाडी हलली तरी साहेब खिडकीतून फलाटाच्या फाटकाकडं बघत होते. आबा आले नव्हते.