पाट्या मोजणारा माणूस

देवनागरी अक्षरांच्या वळणांचा संदर्भग्रंथ करायचं मी ठरवलं, तेव्हा सुरुवात जुन्या जालन्यापासून केली. तिथल्या धान्याच्या आणि कापडाच्या दुकानांवर हाताने रंगवलेल्या मोठमोठ्या पाट्या होत्या. त्यांतला ‘ळ’ इतका डौलदार, की मी ऑटोवाल्यांच्या शिव्या खात रस्त्यातच उभा राहायचो. काम शास्त्रशुद्ध हवं म्हणून दुकानदाराचंच स्टूल मागून वर चढायचो, टेपने अक्षरं मोजायचो आणि वहीत लिहायचो. कुणी “काय करून राह्यले?” म्हणून विचारलं, तर गंभीर चेहऱ्याने “नोंद घेतोय” एवढंच सांगायचो. विद्वानाने जास्त बोलू नये, अशी माझी समजूत होती.

महिन्याभराने फोटो काढायला गेलो, तर पाट्या गायब. सगळीकडे छोटे, चकचकीत फ्लेक्स. त्या पाट्या रंगवणारे म्हातारे पेंटरचाचा कोपऱ्यावर चहा पीत बसले होते.

“चाचा, हे काय झालं?”

“पालिकेचा कोनी टेप घेऊन आल्ता म्हने. मोठ्या पाट्या जप्त करनार म्हून लोकांनी जल्दी जल्दी उतरवल्या, भंगारात घातल्या. तुम्ही न्हाई पाहिला का त्याला?”

“नाही,” मी म्हणालो आणि टेप खिशात आणखी खोल ढकलली.

ग्रंथ यथावकाश निघाला. ही वळणं काळाच्या ओघात नष्ट झाली, असं मी त्यात लिहिलं आहे.