ताईचं दोन सीटचं ग्लायडर

माझ्या बहिणीने बनवलेल्या विमानाचं इंजिन आकाशात गेल्यावर मुद्दाम बंद करतात.

वंदनाताईला जाऊन आज वर्ष झालं. कॅन्सर होता. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

आम्ही अल्लीपूरचे. बाबांची वांगी-टमाट्याची शेती. ताई हिंगणघाटला शिकली, मग नागपूर, मग बंगळूरच्या एका छोट्या कंपनीत डिझायनर झाली.

तिथे तिच्या टीमने ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय हवेवर तरंगणारं विमान, करायला घेतलं. पण दुसऱ्या विमानाने ओढून न्यायची गरज नाही, स्वतःच्या छोट्या इंजिनावर वर चढणारं. उंची गाठली की इंजिन बंद. पंख्यासकट घडी होऊन पाठीत आत जातं, वरून झाकण लागतं.

पुढे फक्त लांबलचक पंख आणि हवा.

सगळ्यांचं म्हणणं, एकच सीट ठेवू, वजन कमी होईल, लांब जाईल. ताई अडून बसली. शिकणाऱ्याच्या मागे शिकवणारा बसलाच पाहिजे.

मग तिने पंख नव्याने आखले. आणखी लांब, आणखी निमुळते. दोन माणसं घेऊनही ते लांब जाईल, हे कागदावर दाखवून दिलं.

टेस्टच्या दिवशी मागच्या सीटवर स्वतः बसली. आईला सांगितलं नव्हतं. मला फोनवर म्हणाली, "डिझाइन माह्यं हाय, मंग दुसऱ्याले काऊन बसवू?"

पुढचं आम्हाला पायलटनी सांगितलं.

वर गेल्यावर इंजिन बंद केलं, पण घडी अर्ध्यात अडकली. आत जाईना, बाहेरही येईना. म्हणजे इंजिन पुन्हा सुरू करायची सोय नाही. वाऱ्याला अडथळा झाला आणि ग्लायडर भराभर खाली यायला लागलं.

पायलटनी विचारलं, मॅडम, रनवेपर्यंत पोचू का?

असं झालं तर काय, हा हिशोब तिने डिझाइन करतानाच मांडला होता. शांतपणे म्हणाली, पोचतो, फक्त स्पीड कमी होऊ देऊ नका.

पोचले. रनवेच्या अगदी तोंडाशी चाक टेकलं.

उतरल्यावर ताईने पाणीसुद्धा प्यायलं नाही. उघड्या झाकणातून आत डोकं घातलं. त्या घडीची रचनाच तिने पूर्ण बदलली. घडी पुन्हा कधी अडकली नाही.

ग्लायडरवर मुलं-मुली शिकायला लागली तेव्हा ताई हॉस्पिटलमध्ये होती. व्हिडिओ पाहायची, नर्सलाही दाखवायची.

या हिवाळ्यात त्या पायलटनी बाबांना ग्लायडरमध्ये बसायला बोलावलं. बाबा जन्मात विमानात बसले नव्हते. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, "पोरगी बसली, मले काय होते?"

उतरल्यावर पंखावर हात ठेवून पार टोकापर्यंत चालत गेले. तसेच परत आले.

अल्लीपूरला एसटीतून उतरलो तर लोक जमलेलेच. कसं वाटलं, म्हणून विचारायला लागले.

"पोरीच्या विमानात गेलतो," बाबा म्हणाले. "लय बेस बनवलं तिनं."

ताई, अख्ख्या अल्लीपूरचा तुले नमस्कार.