साहेबांच्या बुटापर्यंत पाणी

चैत्रात पालघरच्या किनाऱ्याला जाऊ नका, असं या ब्लॉगवर मीच दोनदा लिहिलंय. घामाच्या धारा, उन्हात डोळे उघडवत नाहीत आणि ताडगोळे सोडले तर त्या दिवसांत तिथे मिरवण्यासारखं काही नाही. तरी गेले, कारण संध्याचा फोन आला. "येऊन बघून जा एकदा," एवढंच म्हणाली. थोडं थांबून पुढे, "येताना पेढे नको आणूस. बोईसरहून पाण्याचा एक जार घेऊन ये."

जुन्या वाचकांना संध्या आठवत असेल. मुरबेच्या अलीकडे खाडीकाठी तिची वाडी आहे, तिच्या घरच्या, केळीच्या पानात भाजलेल्या पानमोडीचं वर्णन करताना मी बरीच लाळ गाळली होती. गावाचं नाव तेव्हा लिहिलं होतं, आज मुद्दाम लिहीत नाही. त्याच पोस्टच्या शेवटी मी एक परिच्छेद लिहिला होता. गावाचा खारबंधारा, म्हणजे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, दर उधाणाला खचत होता. पूर्वी वादळातच बांधावरून येणारं पाणी आता साध्या पौर्णिमेलाही येऊ लागलं होतं. सहा वर्षं निवेदनं देऊन झाली होती. मी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसून तावातावानं लिहिलं, "निवेदनाचा कागद कोरडा असतो, म्हणून तो कोणी वाचत नाही. एकदा पाणी साहेबांच्या बुटापर्यंत न्या." त्या वाक्याला खूप लाइक मिळाले. मलाही ते फार आवडलं होतं.

जायचं असेल तर रस्ता सांगते. नाशिकहून त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर असं एसटीनं पालघर. सकाळी लवकरची गाडी घ्या आणि जव्हारच्या घाटात पोटात काही नसेल तर बरं. जव्हारच्या स्टँडवर चहा बरा मिळतो, वडा कालचा असू शकतो. पालघरला आता जिल्ह्याची कचेरी झाल्यापासून स्टँडबाहेर हातात फायली घेतलेली माणसं फार दिसतात. दरवेळी मी त्यांच्याकडे कौतुकानं बघते, या वेळी परतताना बघवलं नाही. तिथून बोईसर, आणि बोईसरहून मुरबेकडे जाणारी शेअर रिक्षा. जार मांडीवर ठेवावा लागला. रिक्षावाला उत्तर प्रदेशाकडचा होता, त्याला गंमत वाटली. "मैडम, समंदर की तरफ पानी लेके जा रहे हो?" शेजारी बसलेले दोन कामगार हसले. मीही हसले, कारण तोवर मला नीट काही माहीत नव्हतं.

संध्याचं घर उंचवट्यावर आहे, तिच्या विहिरीचं पाणी गोडं आहे. मग जार कशाला, हे मला दारातच कळलं. विहिरीवर सात-आठ बायका रांगेत उभ्या होत्या, खालच्या पाड्यावरच्या. पोहरा खाली गेला की दगडावर आपटल्याचा आवाज येत होता. संध्यानं मला जारमधलंच पाणी दिलं, गूळ दिला, आणि बायकांची रांग संपेपर्यंत आम्ही दोघी घरातच बसून राहिलो. ती बाहेर जात नव्हती. पूर्वी याच बायकांशी तिच्या तासतास गप्पा चालायच्या.

मग तिनं सगळं सांगितलं.

दिवाळीनंतर गावात बैठक झाली. आणखी एक निवेदन द्यायचं असं ठरत असताना संध्यानं मोबाइल काढून माझा तो परिच्छेद वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेत ठरला तो असा. बंधाऱ्याला एक उघाडी आहे, म्हणजे लाकडी फळ्यांची झडप. भरतीला बंद ठेवायची, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं, अशी तिची रीत. माघातल्या उधाणाला ती उलटी वापरायची. भरतीला उघडायची, रस्ता आणि खालची शेतं बुडू द्यायची आणि जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबांना बोलवायचं. भात कापून झालेलं होतं, नुकसान फारसं नाही, ओहोटीला सगळं सोडून देऊ. हे गणित संध्याचं. तिथीचं तिला पक्कं कळतं, पंचांग तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतं.

पाणी ठरल्याप्रमाणे आलं. साहेब आले नाहीत. निरोप आला, मीटिंग आहे, आठवड्याच्या शेवटी येतो. आता पाणी सोडून दिलं तर साहेबांना दाखवायचं काय? म्हणून फळ्या लावून पाणी आत धरून ठेवलं. साहेब आले ते सप्तमीला. त्यांनी बूट काढून हातात घेतले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले, फोटो काढून घेतले आणि खरंच मनापासून हळहळले. ते गेल्यावर संध्यानं फळ्या काढल्या, तर पाणी जाईना. सप्तमी-अष्टमीला समुद्र भांगावर असतो. भरती थोडी, ओहोटीही थोडी. बाहेरचं पाणी पुरेसं खाली उतरतच नाही. पुढचं उधाण येईपर्यंत शेतं तशीच तुंबून राहिली.

सुकी मासळी विकणाऱ्या मथुरामावशी दुसऱ्या दिवशी सकाळी भेटल्या. त्यांच्याकडून बोंबील घ्या, कडक वाळलेले असतात. त्यांना मी हा विषय काढलेला आवडला नाही. टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाल्या, "पानी येतं ती तिथी संध्यान् बगितली. पानी जातं ती नाय बगितली. आमचं आख्खं जनम त्यातच गेलं, कोन इचारलंच नाय आमाला." बैठकीला कोळीवाड्यातली माणसं का नव्हती, विचारलं. तर म्हणे बंधारा शेतीवाल्यांचा, आपल्याला कोण बोलावणार.

आणि पाड्यावरचंही कोणी नव्हतं. हे मात्र कोणी मुद्दाम केलं नव्हतं. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं वीटभट्टीला जातात आणि शिमग्याला परत येतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. इतकं माहीत आहे की बैठकीच्या दिवशी कोणाला ते आठवलंच नाही. पाड्याची विहीर शेताच्या कडेला, तिला बांधीव काठ नव्हता. समुद्राचं पाणी सरळ आत गेलं आणि पंधरवडाभर तिथेच राहिलं. होळीला माणसं आली, सणाचं रांधायला पहिलं पाणी ओढलं, तेव्हा त्यांना कळलं. तीनदा इंजिन लावून विहीर उपसली, पण पाणी अजून खारंच आहे.

दुपारी संध्या मला बंधाऱ्यावर घेऊन गेली. उघाडीच्या खांबावर ती दरवर्षी सगळ्यात मोठ्या उधाणाची खूण कोळशानं करते. पहिली खूण माझ्या मांडीला लागते, शेवटची खांद्याच्या जवळ. त्या खुणांपलीकडे काळा दगड रचत एक पोकलेन काम करत होतं. होय, बंधाऱ्याचं काम लागलं होतं. साहेब गेल्यावर महिन्याभरात मंजुरी आली होती. मला हे अपेक्षित नव्हतं. खरं सांगायचं तर इथून जाऊन 'आततायीपणा कसा अंगाशी येतो' अशी शहाणी पोस्ट लिहायची, असं आदल्या रात्रीच मी जवळजवळ ठरवलं होतं.

संध्या उन्हात उभी होती, डोक्यावर पदरही नाही. म्हणाली, "सहा वर्षं कागद दिले, काय झालं नाय. एक आठवडा पाणी दिलं, काम लागलं. आता मी चुकले का बरोबर केलं, तू सांग. तू लिहिलेलंस ना."

फळ्या उघडल्या नसत्या तर येत्या दोन-चार वर्षांत सगळीच शेतं आणि पाड्याची तीच विहीर समुद्रानं आपणहून घेतली असती, हे मला दिसत होतं. पण ते समुद्रानं केलं असतं. हे आम्ही केलं होतं. यातलं वजन कसं करायचं ते मला कळत नाही, आणि ज्यांना चटकन कळतं त्यांचा मला हल्ली राग येतो. स्वतःचा तर येतोच.

संध्याचं खरं दुखणं वेगळं होतं. पाड्यावरची जिवलीबाई दुसऱ्या दिवशी बोईसरजवळ बेटेगावला लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. भट्टीवर नव्हे, कायमची. जिवलीबाईनं संध्याची दोन्ही मुलं अंगाखांद्यावर वाढवलेली, आणि गेली वीस वर्षं दोघींची आवणी, म्हणजे भाताची लावणी, एकत्र व्हायची. एकटीनं तिच्यासमोर जायला संध्याला धीर होत नव्हता. त्यासाठी मला बोलावलं होतं, ते आता कळलं.

आम्ही गेलो तेव्हा जिवलीबाई कुडाच्या घरासमोर बसून टोपलीतलं भात पाखडत होती. खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भाताचं बियाणं ते. तिनं आम्हाला बसायला गोणपाट दिलं आणि पाणी दिलं नाही. पाहुण्याला पाणी न देता बसवायची तिच्यावर वेळ आली, याची लाज तिला वाटत होती आणि ती आमच्याकडे बघत नव्हती. संध्या बरंच बोलली. माझी विहीर तुमचीच आहे, पाऊस पडला की मीठ धुऊन जाईल, दोन पावसाळे काढा, मी नळासाठी कचेरीत जाऊन बसते. जिवलीबाई पाखडत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याचं सांगून झाल्यावर जिवलीबाई म्हणाली, "संध्याबाय, तुमी पानी आनलं ते साहेबाला दाखवाला. साहेब बगून घरी गेला. पानी आमच्याकडंच ऱ्हायला."

मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, ते असं करा असं मी लिहिलं होतं, चूक माझी आहे. जिवलीबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. कुठे राहता, विचारलं. नाशिकला, म्हटलं. तिकडे पाणी आहे का, विचारलं. आहे, म्हटलं. "मंग बरा हाय," म्हणाली, आणि त्यात टोमणा मुळीच नव्हता. निघताना तिनं बियाण्याची टोपली संध्याच्या हातात दिली. बेटेगावला पोरीच्या खोलीसमोर सगळं सिमेंट, तिथं हे कुठं पेरणार, म्हणून. संध्या घरी पोचेपर्यंत रडत होती. मी रडले नाही, पण जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी परत निघाले. मनोरच्या पुढे रस्त्याकडेला ताडगोळे घ्या, कोवळे मागून घ्या. मी घेतले, ते पिशवीतच गरम होऊन वाया गेले.

घरी आल्यावर ती जुनी पोस्ट उघडली. खोडायला हात गेला, पण खोडून ती बैठक परत होणार नाही. शिवाय ते वाक्य खोटं होतं असं अजूनही म्हणवत नाही. पाणी नेल्याशिवाय साहेब आले नसते. फक्त ते कुणाच्या दारातून न्यायचं, आणि त्यांना आधी विचारायचं, हे लिहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून परिच्छेद तसाच ठेवला आणि त्याखाली जिवलीबाईचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. त्याला अजून कोणी लाइक केलेलं नाही.

परवा संध्यानं फोटो पाठवला. बंधारा पुरा झालाय, छान उंच, काळ्या दगडाचा. वैशाखातलं उधाण त्याच्या अर्ध्यालाही पोचलं नाही. मी अभिनंदन लिहिलं आणि पाड्यावर आता किती माणसं आहेत, विचारलं. मग पाड्याच्या विहिरीचा फोटो आला, त्यावर काही न लिहिता. विहिरीत पाणी होतं, वरपर्यंत, स्वच्छ दिसत होतं. रहाटाला दोर नव्हता.