एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं

माझी सून कुठलीही नवी गोष्ट आधी मोडून पाहते. लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात बाथरूमचा नळ खोलून बसली. नळ चांगला चालू होता. मी कपाळाला हात लावला. "आई, पाणी अंगावर उडत असताना शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं," असं म्हणाली आणि चहा उकळेपर्यंत नळ जोडूनही टाकला. तेव्हापासून तिच्या हातातला पाना मी कधी काढून घेतला नाही. नाक मुरडायचं मात्र सोडलेलं नाही. सासू आहे मी, तेवढा हक्क राहू द्या.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. नव्या प्रकारची काच आली की आधी एक टाकाऊ तुकडा घेते, मुद्दाम जास्त घासते, कुठे तडकतो ते बघते आणि मगच गिऱ्हाइकाच्या काचेला हात लावते. मालक सुरुवातीला कुरकुरायचा. आता अवघड नंबराच्या काचा दुसऱ्या कुणाला देत नाही. माणसांशी बाईचं बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. यंत्रांशी मात्र अखंड गप्पा.

आता माझं. पुढच्या खोलीत माझं भरतकामाचं मशीन आहे. दवाखान्यातल्या कोटांवर नावं, हॉटेलच्या टॉवेलांवर खुणा, शाळेच्या शर्टांवर चिन्हं, सगळं मी भरते. डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचं आणि कुठे किती टाके घालायचे ते एक प्रोग्रॅम मशीनला समजावतो. प्रोग्रॅम जुना, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि चालतो तो फक्त आमच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. अशात चिरंजीवांच्या ऑफिसनं फर्मान काढलं: आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचं तर नवी सिस्टीम हवी, जुनी चालणार नाही.

"मग दुसरा कॉम्प्युटर आण," मी म्हणाले.

"ठेवायचा कुठे? तुझ्या मशीनच्या डोक्यावर?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "आई, आयुष्यभर खूप केलंस. जुनं पुसून टाकू. आता आराम कर."

आराम कर म्हणे. मला काय धाड भरलीय? डोळे शाबूत, हात शाबूत, गिऱ्हाईक दारात. तो प्रोग्रॅम पुसला की माझं काम संपलं, हे त्याला कळत होतं आणि तरी तो मायेनं बोलत होता, म्हणून जास्तच लागलं. मी उठले आणि भांडी जरा जोरातच मांडली.

सूनबाई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुसायचं कशाला? एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन्ही राहतील की. चालू केला की विचारेल, कुठली हवी म्हणून."

"तू केलंयस कधी?" चिरंजीवांनी विचारलं.

"करीन."

पुढचे काही दिवस ती दुकानातून उशिरा येत होती. काम आहे म्हणाली. मीही खोदून विचारलं नाही.

मग एका रविवारी सकाळी ती बाह्या सरसावून बसली. आधी माझी सगळी डिझाइनं वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि तिथून एकेक उघडून पाहिलं. "ही वाचली. प्रोग्रॅमची मात्र अशी नक्कल चालत नाही, तो जागचा हलवायचा नाही," तिनं सरळ सांगून टाकलं. मग विचारलं, "आई, कॉम्प्युटरच्या डिस्कवर तुम्हाला किती जागा ठेवू आणि ह्याला किती?"

"तीन हिस्से मला, एक त्याला."

"आई, ही काय वाटणी आहे?" चिरंजीव म्हणाले.

"आहे. आणि मी जिवंत असताना होतेय, नशीब समज."

सूनबाई हसली, माझ्या मनासारखे हिस्से पाडले आणि "सरक जरा, पाहुणे यायचेत," असं कॉम्प्युटरला सांगून नवी सिस्टीम टाकायला लागली. ती बसली, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि कुणाला काही न विचारता सरळ नव्या सिस्टीममध्ये शिरला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. माझी सिस्टीम कुठेच नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्याचे कोट समोर टेबलावर पडलेले, निम्म्यांवर नावं यायची होती. "बसवलंस ना मला घरी," मी तिला फाडकन बोलले. चिरंजीवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे आई. एका अर्थी बरंच झालं." मी तो हात झटकला. मला रडू येत होतं आणि ते त्याच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं.

सूनबाईनं फक्त खुर्ची पुढे ओढली. "काही गेलेलं नाही," ती म्हणाली. नव्या सिस्टीममधूनच तिनं माझा हिस्सा उघडला. माझी डिझाइनं होती तिथेच होती, प्रोग्रॅमही होता. "शेजारी कोण राहतं ते ही आपणहून बघत नाही. तिला सांगावं लागतं." एक काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं, कुठलीशी बंद असलेली सोय चालू केली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. वरची निवडली, तर माझी जुनी सिस्टीम समोर.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"दुकानाच्या अडगळीत एक जुना कॉम्प्युटर पडलाय. रोज थांबून त्याच्यावर करून बघत होते. त्याचंही असंच झालं होतं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात लावू दिला असता?"

नसता दिला. मी प्रोग्रॅम उघडला. मशीन खडखडलं, कोटावर पहिलं अक्षर उमटलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पडद्यावरच्या त्या दोन ओळींत लांबलचक नावं आणि आकडे होते. सूनबाई म्हणाली, ही बदलता येतात, काय लिहू?

"सोपं आहे," चिरंजीव म्हणाले, "नवी आणि जुनी."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मी चष्मा लावून वाचलं. वर लिहिलं होतं 'काम'. खाली 'ऑफिस'. काहीच दाबलं नाही तर वरचं आपोआप उघडणार होतं.

"का? ऑफिस म्हणजे काम नव्हे?" चिरंजीवांनी विचारलं.

"ऑफिस तुला ठरल्या वयाला घरी बसवेल," सूनबाई म्हणाली. "आई त्यांना वाटेल तेव्हा थांबतील."

पोटच्या पोरानं घेतली नाही ती माझी बाजू तिनं घेतली होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तेवढं धाडस झालं नाही. मी म्हटलं, "तो पुढचा कोट दे इकडे." तिनं दिला.