वरच्या उसाशातली चप्पल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे वाचून तुमचा बसावा अशीही इच्छा नाही. जन्मभर पाणीखात्यात ओव्हरसियर होतो. पाणी उताराने जातं, एवढं मी मानतो. बाकी ज्याचं त्याने बघावं.

कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जुना दगडी नळ आहे. पंप नाही, काही नाही... नुसता उतार. मध्ये मध्ये उसासे, म्हणजे हवा सुटायला आणि गाळ बसायला बांधलेल्या अरुंद विहिरी. सत्तरच्या दशकात आम्ही अशा दोन उसाशांमधला गाळ काढत होतो. वरच्या उसाशात फळी घालून पाणी अडवलं होतं. खालच्यातून उस्मानभाई आत उतरले होते. मंडईमागे राहणारे, माझ्या वडिलांच्या वयाचे गवंडी.

नियम एकच. उतरणाऱ्याने चपला काठावर काढायच्या. चपला दिसल्या तर माणूस आत, नाहीत तर बाहेर.

सकाळी अकराच्या सुमारास मी खालच्या उसाशाशी गेलो. चपला नव्हत्या. म्हटलं, आटपलं, म्हातारा चहाला सटकला. वाकून एक हाक मारायची... नाही मारली. घाई, दुसरं काय!

वरच्या उसाशाशी आलो. सकाळपासून बंद असलेलं दगडी झाकण दोन गड्यांनी माझ्यादेखत सरकवलं. ते फळीला हात घालणार, मी "सोडा" म्हणणार — तोच अडवलेल्या पाण्यावर, फळीच्या पलीकडे, एक रबरी चप्पल तरंगताना दिसली. तारेने शिवलेला निळा पट्टा. उस्मानभाईंची.

 गड्यांना थांबवून पळत खाली गेलो, हाक मारली. आतून बारीक आवाजात ओ आली. दगड निखळून त्यांचा पाय अडकला होता.

कुत्र्याने नेली म्हणावं, तर बंद झाकणाखाली कशी? वाहत गेली म्हणावं, तर चढावर, फळी ओलांडून? आणि तिची जोडीदार कधीच सापडली नाही.

दवाखान्यात नेताना उस्मानभाई माझा हात धरून म्हणाले, "साहेब, चपला काठावर काढल्या होत्या म्हणून वाचलो. तुम्ही बघितल्यात ना?"

मी होकाराची मान हलवली.

पुढे मरेपर्यंत ते मंडईत सांगायचे, आमच्या साहेबांचं लक्ष असतं. मी कधी खोडून काढलं नाही. चप्पल वर कशी गेली, ते मला आजही ठाऊक नाही. पण झोप उडते ती त्याने नव्हे... एक हाक मारायला कितीसा वेळ लागतो हो?