न हललेल्या तारा

सकाळचे साडेसहा वाजले होते. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आमच्या बॅडमिंटन कोर्टावर दुसरा गेम सुरू होता आणि बाकावरच्या माझ्या पिशवीत फोन वाजत राहिला होता. "शुभादी, तोमार फोन," असं कुणीतरी दोनदा म्हणालं, तेव्हा मी रॅकेट काखेत धरून तो उचलला. पलीकडे मामी होती. "हे गेले गं, शुभा," एवढंच म्हणाली. माधवमामा झोपेतच गेला होता. मी "निघाले" म्हणाले आणि तशीच उभी राहिले. माझ्या काखेतल्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओवण्याचं काम, मामाने केलेलं नव्हतं. ते एका दुकानात यंत्रावर करून घेतलेलं होतं. अशा वेळी माणसाला काय आठवावं... मला नेमकं ते आठवलं. सहा आठवडे झाले, त्याची लाज अजून गेलेली नाही.

माधवमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. साताऱ्याहून तो कोलकात्याजवळच्या बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये नोकरीला आला तो कायमचाच इकडचा झाला. मिलच्या विणकाम खात्यात उभं राहून राहून त्याचे डोळे असे तयार झाले होते की शंभर धाग्यांतला एक वाकडा धागा त्याला लांबून दिसायचा. मिल बंद पडली तेव्हा बरोबरची माणसं कपाळाला हात लावून बसली. मामाने भवानीपूरच्या आपल्या दोन खोल्यांत खिडकीखाली टेबल मांडलं आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी गटिंगला घ्यायला सुरुवात केली. मिलमधून त्याने दोनच वस्तू आणल्या होत्या, ताण्याचे, म्हणजे उभे, धागे फणीतून ओढायचे चपटे पितळी आकडे. त्यांची टोकं त्याने कानशीने घासून गुळगुळीत केली होती आणि टोकाशी तार बसेल एवढीच खाच ठेवली होती. खेळताना रॅकेटच्या तारा सरकतात, चौकोन वेडेवाकडे होतात. मामा एका आकड्याने आडवी तार धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने उभी तार हळूच जागेवर न्यायचा. या जोडीला त्याने नाव ठेवलं होतं नणंद-भावजय. "एकीने धरायचं, दुसरीने ढकलायचं, आणि घर सरळ ठेवायचं," असं तो म्हणायचा. यावर मामी स्वयंपाकघरातून, "अनुभव कुणाला आहे ते विचारा," असं ऐकवायची. घरी आलेल्याची रॅकेट काढून घेऊन, त्याचा चहा होईपर्यंत तिच्या तारा सारख्या करणं हा मामाचा पाहुणचार होता. रॅकेट नसलेला पाहुणा आला की बिचाऱ्याला हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

मी नऊ वर्षांची असताना त्याने ती जोडी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मी भवानीपूरच्या शाळेतली, निम्मं बंगालीत बोलणारी. मोठ्या उत्साहाने म्हणाले, "मामा, मी चेष्टा करते." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मामाने चष्म्यावरून पाहिलं. "चेष्टा नको, काम कर," तो म्हणाला आणि सगळे हसत सुटले. माझे डोळे भरून आले तसा तो माझ्यामागे उभा राहिला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ओढायचं नाही, शुभे. सरकवायचं. ओढलं की तार चिडते." त्या दिवसापासून आमच्या घरात चेष्टा दोन झाल्या, त्यांची आणि आपली. परीक्षेला निघताना मामा विचारायचा, "आज कुठली करणार?"

मग तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सुईत दोरा जाईना. तरी टेबल त्याने सोडलं नाही. येणारे मात्र एकेक करून कमी झाले. माझ्या रॅकेटची तार त्याने गटिंग केल्यावर दोन दिवसांत तुटली, पुन्हा केली, पुन्हा तुटली. त्याला सांगायचा धीर मला झाला नाही. मी एक नवी रॅकेट घेतली, ती त्या दुकानात द्यायला लागले आणि जुनी रॅकेट दर महिन्याला मामाकडे नेत राहिले, मन राखायला. "कशी चाललीय?" तो विचारायचा. "मस्त," मी म्हणायचे. आपण फार शहाण्या आहोत असंही मला तेव्हा वाटत होतं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी अशीच ती रॅकेट घेऊन गेले. मामाने ती खिडकीच्या उजेडात धरली, आडवी केली, पुन्हा धरली. "महिनाभर खेळलीस म्हणतेस..." तो शेवटी म्हणाला, "एक तार हललेली नाही गं." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलले, ऑफिस, पाठदुखी, काय ते आता आठवत नाही. मामाने मान हलवली आणि नणंद-भावजय उचलून, मुळात सरळ असलेल्या त्या तारांवरून थरथरत्या हाताने फिरवत बसला. माझा चहा होईपर्यंत.

रॅकेट त्याच्याकडेच ठेवून आले आणि त्यानंतर तिकडे फिरकले नाही. तोंडच नव्हतं. मग एकदा त्याचाच फोन आला, "रविवारी येशील? रॅकेट घेऊन जा." मी सवयीने म्हणाले, "चेष्टा करते मामा." "कुठली?" त्याने विचारलं. "त्यांची की आपली?" मी हसण्यावारी नेलं. रविवारी गेले नाही. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तेराव्यानंतर मामीने कपाटामागून माझी जुनी रॅकेट काढून दिली. तिच्या सगळ्या तारा नव्या होत्या. "रोज थोडं थोडं करायचे," मामी म्हणाली. "जमलं नाही की कापून पुन्हा ओवायचे. मी म्हटलं, राहू द्या, तिला दुकानं आहेत. तर म्हणाले, म्हणूनच." मुठीला नणंद-भावजय दोऱ्याने बांधलेल्या होत्या आणि त्याच दोऱ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, मिलमध्ये असायच्या तशी. अक्षर वेडंवाकडं, तरी त्याचंच. "शुभा. चेष्टा केली आहे. त्यांची." मधल्या दोन तारा किंचित वाकड्या राहिल्या होत्या. माझ्या मामाने कुणाला वाकडी तार परत दिली असेल तर ती मलाच. मामीच्या मांडीवर डोकं ठेवून मी खूप रडले.

बरेच दिवस ती रॅकेट मी भिंतीवर टांगून ठेवली होती. त्या दोन वाकड्या तारा तशाच राहाव्यात, त्याचा हात थांबला तिथेच थांबाव्यात, असं वाटत होतं. येताजाता बघायचे. मग एका सकाळी पिशवी भरताना लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. भिंतीवरच्या रॅकेटची तार कधी हलणार नाही. मामाने ती खेळायला दिली होती.

गेल्या सोमवारी ती कोर्टावर नेली. भीत भीत खेळले, तार तुटेल म्हणून. तुटली नाही. गेम हरले, बाकावर बसले आणि रॅकेट उजेडात धरली. सगळ्या तारा सरकल्या होत्या, त्याच्या वाकड्या कुठल्या आणि माझ्यामुळे वाकलेल्या कुठल्या ते आता ओळखू येत नव्हतं. पिशवीतून नणंद-भावजय काढल्या, पण हात चालेना. मी मामीला फोन लावला.

"मामी, तारा हलल्या गं," मी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग कर की सरळ," मामी म्हणाली. "ओढू नकोस. सरकव."