म्हशीचे वरचे दात

भंगाराच्या धंद्यातून मी वर आलो. मला लोखंड पारखता येतं, जनावर नाही. सिल्वासाबाहेरच्या बाजारात पहिली म्हैस घ्यायला गेलो, तेव्हा भाव पाडायला तिचं तोंड उघडून पाहिलं. वर पुढे एकही दात नव्हता.

"चोर आहेस! म्हातारी म्हैस गळ्यात मारतोस?" मी ओरडलो. माणसं जमली.

विकणाऱ्या म्हाताऱ्याने पंच्याला हात पुसत शेजारच्या चार म्हशींची तोंडं सावकाश उघडून दाखवली. एकीलाही वर पुढचे दात नव्हते.

"गाय, बकरी, हरिण, सगळं एकच घराणं, शेठ. वर नुसती कडक हिरडी. वय खालच्या दातांवरून बघायचं."

मी ओशाळलो. "सांगाल तो भाव देतो."

"जो आधी चोर म्हणतो नि मग विचारतो, त्याच्या दारात माझी म्हैस नाही बांधायची." त्याने दोर सोडला आणि तिला घेऊन निघून गेला.

माझ्या जुन्या भागीदाराला मी वीस वर्षं चोर म्हणतोय. त्याचं म्हणणं एकदाही ऐकून घेतलेलं नाही. तो इथेच, सिल्वासाच्या आमली भागात राहतो. दिसला की मी रस्ता बदलतो. आता रस्ता बदलण्याचाही थकवा येतो.